तुमचा डॉक्टर कोण?

१२ ऑक्टोबर, गुरुवार

नाक कापलं! अख्ख्या संघटनेचं, भर जिल्हा परिषदेत!

गेलो होतो मोठ्या तोऱ्यात. फॅमिली डॉक्टर संघटना, जिल्हा शाखा. आम्ही सहा जण. पुढे अध्यक्ष हामसर, सगळ्यात मागे पिशव्या सांभाळत सेक्रेटरी, म्हणजे मी. मागणी एकच: जिल्ह्यातल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला एक ठरलेला डॉक्टर. आत्ता काय चालतं? गुडघ्याला एक डॉक्टर, पोटाला दुसरा, झोपेला तिसरा, आणि वर्षातून दोनदा पहाटेच्या गाडीने राजधानीत, सोलला जाऊन मोठ्या हॉस्पिटलच्या प्रोफेसरचं तीन मिनिटं दर्शन! त्यापेक्षा एक माणूस, एक डॉक्टर, आणि पहिल्या भेटीला निवांत अर्धा तास. त्या अर्ध्या तासाचा खर्च परिषदेने उचलायचा. वर्षभर करून तर बघा, एवढंच म्हणणं.

हामसर बोलले मात्र झकास. एकाहत्तरीतही आवाज असा की खिडक्या थरथरतात. मग आरोग्य समितीच्या सभापती जिन बाई — ज्यांना मी आजवर आपल्या बाजूच्या समजत होते — त्यांनी चष्मा काढला आणि अगदी गोड आवाजात विचारलं, "छान. आता प्रत्येकाने सांगा बरं, तुमचा स्वतःचा डॉक्टर कोण?"

झालं! डॉ. बोंग छताकडे बघायला लागले. कुणी घसा खाकरला. हामसर टेबलावर हात आपटून म्हणाले, "बरोबर! अगदी बरोबर!" आता ह्यात काय बरोबर? शेवटी माझ्याच तोंडून निघून गेलं, "मी... माझी मीच." सगळं सभागृह हसलं.

"आधी स्वतःला डॉक्टर शोधा, मग आमच्या आज्यांना शहाणपण शिकवा," जिन बाई म्हणाल्या. पुढची बैठक २३ नोव्हेंबरला. तोवर योजना लटकली.

खरं तर माझी तपासणी झालेली आहे. मागच्या हिवाळ्यात संघटनेच्या जेवणात मी सहज म्हटलं होतं की हल्ली जिना चढताना धाप लागते. हामसरांनी चमचा खाली ठेवला, खिशातून स्टेथो काढला, स्वेटरवरूनच लावला आणि गर्जले, "घोड्याचं काळीज आहे गं तुझं! सूप पी, गार होतंय." आम्हा डॉक्टरांच्या तपासण्या अशाच होतात, मुळ्याची किमची आणि भात ह्यांच्या मधल्या वेळेत. पण हे जिन बाईंना सांगायचं कसं?

१३ ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळी हे म्हणाले, "लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!" नवरा म्हणून काय वाटेल ते बोलायचं का? (बरोबर बोलले. पण बोलायचं का?)

संध्याकाळी सूप-भाताच्या दुकानाच्या मागच्या खोलीत तातडीची बैठक. ठरलं, की आपणच एकमेकांचे डॉक्टर व्हायचं. बैठकीआधी प्रत्येकाने आपल्या डॉक्टरकडे रीतसर जायचं, रांगेत बसायचं, अर्धा तास. कोण कुणाचा, ह्यावर तासभर घोळ. कुणालाच कुणी नको! शेवटी शिडी काढली. कॉफीचे पैसे कोण देणार हेही आमच्याकडे शिडीच ठरवते. कागदावर उभ्या रेघा, मध्येमध्ये आडव्या, आपल्या नावावर बोट ठेवून घसरत खाली यायचं. ज्या नावावर उतरलो ते आपलं नशीब.

हामसर घसरले ते माझ्या नावावर. म्हणजे मी अध्यक्षांची डॉक्टर! आणि मी घसरले ती —

बोंग!!

अख्ख्या पृथ्वीतलावर दुसरं नाव नव्हतं?

१४ ऑक्टोबर, शनिवार

बोंगविषयी लिहून काढते, म्हणजे डोकं थंड होईल.

दवाखाना माझ्या बरोब्बर समोर. माझ्याकडे जिना, त्यांच्याकडे लिफ्ट. गरम गाद्यांच्या खाटा ओळीने मांडलेल्या, आणि प्रत्येक खाटेवर एक कुरळ्या केसांची आजी सलाईन लावून गप्पा हाणत पडलेली. थकवा आला, सलाईन. सून उलट बोलली, सलाईन. मी त्यांना सलाईन सम्राट म्हणते. (मनात.) माझ्या पेशंट युक आजीसुद्धा माझं व्याख्यान ऐकून घेतात, "हो गं बाई, पटलं" म्हणतात, आणि रस्ता ओलांडून तिकडे जाऊन आडव्या होतात.

आणि भांडण वेगळंच. काही वर्षांपूर्वी बोंगनी सुचवलं होतं, शनिवारी दुपारी आळीपाळीने एकेकाने दवाखाना उघडा ठेवू. हामसर "बरोबर, बरोबर!" म्हणाले आणि पुढे काहीच केलं नाही. तेव्हापासून बोंगना वाटतं की मीच अध्यक्षांचे कान भरले. मी! त्या माणसाचे कान कुणी भरू शकतं का? पालथ्या घड्यावर पाणी. मी स्वतः गेली कित्येक वर्षं ओतते आहे.

१७ ऑक्टोबर, मंगळवार

हामसर आले. रांगेत बसले, पेपर वाचला, माझ्या पेशंटना फुकट सल्ले दिले. आत आल्या आल्या, "बीपीची गोळी लिही, निघतो." मी म्हटलं, बसा, अर्धा तास आहे. आपलीच योजना.

असला पेशंट शत्रूलाही मिळू नये! विचारलं, झोप कशी लागते? म्हणाले, "दोन्ही वेळा, भाताबरोबर." विचारलं, चालायला जाता का? "सोलला. सहा महिन्यांनी एकदा. प्रोफेसर फार सज्जन." मला वाटलं थट्टा चालली आहे. नेहमीचंच, स्वतःचं घोडं दामटायचं.

मग मी हात धुवायला वळले आणि पाठमोरीच विचारलं, "सर, कॉफी घेणार?" उत्तर नाही. हामसर आणि कॉफीला उत्तर नाही? माझ्या डोक्यात काहीतरी लख्खकन् चमकलं. गुपचूप त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "हामसर, तुमच्या कॉलरवर झुरळ आहे."

हा माणूस सहलीत झुरळ बघून टेबलावर चढला होता. आज ढिम्म!

मग मी पुढे आले, त्यांच्या समोर बसले. तेच वाक्य पुन्हा म्हटलं, ओठ दिसतील असं. एका उडीत खुर्चीवर! गुमजा (माझी नर्स) धावत आली, "काय झालं, काय झालं?" मी म्हटलं, काही नाही, अध्यक्षांची तपासणी चालू आहे.

ती गेल्यावर हामसर हळूच खाली उतरले. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "कुणाला सांगू नकोस."

१९ ऑक्टोबर, गुरुवार

दोन दिवस लिहवलं नाही. राग येतो, हसू येतं, मग परत राग.

चार वर्षं झाली म्हणे. ओठ बघून चालवतात. साथीत सगळ्यांनी मास्क लावले तेव्हा जीव मेटाकुटीला आला. मग युक्ती काढली, प्रत्येकाला आधी "मास्क खाली करा, घसा बघतो" म्हणायचं. पाठदुखीवाल्यालासुद्धा! आणि बैठकीत कोण काय बोलतंय कळलं नाही की "बरोबर, बरोबर." म्हणजे बोंगची शनिवारची सूचना त्यांनी धुडकावली नव्हती. ती त्यांना ऐकूच आली नव्हती!

इथवर मी हसत होते. मग विचारलं, "सर, आणि स्टेथो?"

टेबलावरच्या पेनाशी खेळत म्हणाले, "लावतो. पेशंटना बरं वाटतं."

"ऐकू येतं?"

"नाही."

"मग कळतं कसं?"

"रंग बघतो, नाडी बघतो, पायाची सूज बघतो. शंका आली की एक्स-रे. यांग, मी चाळीस वर्षं डॉक्टर आहे!"

मी भडकले. सहा महिने आम्ही गावोगाव सांगत फिरलो की डॉक्टरने पेशंटचं ऐकलं पाहिजे, आणि आमचा अध्यक्ष ठार बहिरा! म्हटलं, कानाचं मशीन लावा, आवाज वाढवणारे स्टेथोही मिळतात, उद्याच्या उद्या. तर म्हणाले, "मशीन लावलेला डॉक्टर बघून कोण येईल माझ्याकडे? सगळे जातील बोंगच्या गरम गाद्यांवर. दवाखाना गेला तर मी काय करू, घरी बसून भाजी निवडू?" डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. मला एकदम फार वाईट वाटलं. पण सोडलं नाही.

सौदा झाला. मशीन येईपर्यंत त्यांनी कुणाच्याही छातीला नळी लावायची नाही. दर गुरुवारी दुपारी आणि शनिवारी मी त्यांच्या दवाखान्यात जाणार आणि ज्यांना ज्यांना त्यांनी "एकदम ठणठणीत" म्हटलंय त्यांच्या छात्या ऐकणार. नाव — "संघटनेची विशेष तपासणी मोहीम." बॅनरही लावणार म्हणाले! ह्या माणसाला बॅनरशिवाय श्वास घेता येत नाही.

२६ ऑक्टोबर, गुरुवार

मोहीम सुरू. छात्याच छात्या. बहुतेक खरंच ठणठणीत, म्हाताऱ्याची नजर पक्की आहे. एका आजोबांच्या छातीत मात्र चांगलीच घरघर. लगेच औषध सुरू केलं. हामसर कोपऱ्यात उभे राहून माझं तोंड वाचत होते. चेहरा एवढासा झाला.

बोंगचा फोन. माझी वेळ आजची होती म्हणे. विसरलेच! (विसरले नव्हते.)

३१ ऑक्टोबर, मंगळवार

हामसर मशीन लावून आले!! दोन्ही कानांत. केस वाढवून झाकलेत. चिडलेले होते नुसते. घरात किमचीचा फ्रिज दिवसभर गुणगुणतो, त्याच्यावर ओरडले. गाडी वळताना तिचा इंडिकेटर टकटक करतो, बिघडली समजून गॅरेजला नेली. सूपमध्ये चमचा वाजतो, हे मेल्यांनी आधी का नाही सांगितलं!

मग नवा स्टेथो गुमजाच्या छातीला लावून ऐकत उभे राहिले. किती वेळ! गुमजा म्हणाली, "सर, सुट्टीची वेळ झाली माझी." त्यांनी नाक ओढलं. म्हणाले, "वाजतंय गं."

४ नोव्हेंबर, शनिवार

बोंगचा परत फोन. "सेक्रेटरीबाई, मी अर्धा तास राखून बसलो होतो. युक आजींना थांबवून ठेवलं तुमच्यासाठी."

"सलाईन लावून ठेवायचं ना, वेळ छान जातो त्यांचा."

फोन आपटला त्यांनी. मग जरा लाज वाटली. बाकी सगळे आपापल्या डॉक्टरकडे जाऊन आले. बोंगसुद्धा! आता मी एकटीच राहिले. पण समोर जायचं, त्या लिफ्टने वर जायचं, माझ्याच पेशंटांच्या मध्ये बसायचं... गाव काय म्हणेल? आमच्या डॉक्टरीणबाईंनाही शेवटी बोंगच लागला!

११ नोव्हेंबर, शनिवार

हिवाळ्याची किमची घातली. जाऊबाई, नणंद, मी. खारवलेल्या कोबीच्या टोपल्या अंगणातून आत आणताना दोनदा बसावं लागलं. नणंद म्हणाली, "वहिनी, ओठ बघ कसे निळे पडलेत!" म्हटलं, थंडी. ह्यांनी उरलेल्या टोपल्या गुपचूप उचलून आत नेल्या. स्वतःची पाठ धरलेली असताना! माझं वजन जास्त झालंय, दुसरं काही नाही. तिखट मसाला लावून डुकराच्या उकडलेल्या मांसाबरोबर ताजी किमची खाल्ली. स्वर्ग! मग वजन कसं कमी होणार?

१६ नोव्हेंबर, गुरुवार

हामसर आता सगळं ऐकतात. पूर्वीचेच बरे होते म्हणायची वेळ आली आहे. आज बैठकीत बोंगनी पुटपुटत एक शेरा मारला, तर म्हणाले, "बोंग, पुन्हा बोल, मोठ्याने." बोंग पांढरेफटक! मग हामसरच म्हणाले, "आणि ती शनिवारची सूचना तुझी होती ना? चांगली होती रे. डिसेंबरपासून करू." बोंग माझ्याकडे बघत राहिले. त्यांना काय कळणार! आणि मला सांगता येत नाही. पेशंट आहे माझा.

हामसरांना विचारलं, परिषदेत डॉक्टर कोण म्हणून विचारलं तर काय सांगणार? "तुझं नाव." आणि काय केलं डॉक्टरने, असं विचारलं तर? म्हणाले, "बीपी बघितलं."

ठीक आहे. त्यांची मर्जी. इतकं करून योजना पडायला नको, एवढंच.

२३ नोव्हेंबर, गुरुवार

पास! पास! पास!

नीट लिहिते. प्रेक्षकांत आज्यांची गर्दी होती, युक आजी पहिल्या रांगेत. जिन बाईंनी चष्मा काढला आणि तोच प्रश्न. एकेकाने उठून नाव सांगितलं. हामसरांची पाळी आली. मला वाटलं, बीपी.

उठले. एका कानातून मशीन काढलं आणि सगळ्यांना दिसेल असं वर धरलं.

"माझी डॉक्टर यांग हे-सुक. हिने माझ्यासाठी अर्धा तास काढला आणि मी बहिरा आहे हे शोधून काढलं. सोलच्या प्रोफेसरांकडे मी वर्षानुवर्षं जातो. भला माणूस. पण तीन मिनिटांत त्यांना काय कळणार, आणि मी काय कळू देणार? चार वर्षं मी लोकांच्या छातीला नळी लावून नुसती मान डोलवली. ज्यांच्यापुढे डोलवली त्यांची माफी मागतो." आणि कंबरेत वाकले. खूप खाली. उठेचनात.

आणि पहिल्या रांगेतून युक आजी ओरडल्या, "अहो डॉक्टर, आम्हाला माहीत होतं की! म्हणून तर आम्ही बोंबलून सांगायचो!"

काय हशा पिकला! जिन बाईसुद्धा रुमालाने डोळे पुसत होत्या. वर्षभरासाठी मंजूर! मग त्यांनी शेवटचं विचारलं, "सगळे जण खरंच जाऊन आलात ना आपापल्या डॉक्टरकडे?" मी बोंगच्या कानात कुजबुजले, "हो म्हणा. उद्या येते, शप्पथ."

चार खुर्च्या पलीकडून हामसर गरजले, "काय? तू अजून गेलीच नाहीस?"

हसून हसून लोक बाकांवरून पडायचे बाकी होते. जिन बाई म्हणाल्या, "सेक्रेटरीबाई, उद्या. परवा मी फोन करीन."

तिथून सूप-भाताला. दुकानाच्या पायऱ्या चढताना हामसर पुढे होते. मध्येच थांबले आणि वळले.

"हा आवाज कसला?"

"कुठला?"

"तुझा श्वास. असा वाजतो?"

म्हटलं, "मशीन नवीन आहे, सगळंच वाजतं तुम्हाला. फ्रिज नाही का वाजला?"

एरवी खोखो हसले असते. आज हसले नाहीत. सूपही अर्धंच प्यायले. माझ्याकडे बघत होते सारखे.

२४ नोव्हेंबर, शुक्रवार

बोंगकडे जाऊन आले. सलाईनचं नावही काढलं नाही त्यांनी. स्वेटर काढायला लावला. पुढून ऐकलं, मागून ऐकलं, श्वास धरायला सांगितला, परत पुढून. फार वेळ. मग कानातून नळ्या काढल्या.

"याआधी कुणी ऐकलं होतं?"

"हामसरांनी. मागच्या हिवाळ्यात."

बोंगनी स्टेथो टेबलावर ठेवला.

मग त्यांनी खुर्ची जवळ ओढली. "यांगबाई, धाप कधीपासून लागते?" जिन्यामुळे, हे अगदी ओठांवर आलं होतं.

"दीड वर्ष झालं," मी म्हटलं.